मधली वायर

पिराजीनं सहावी वायर ब्लू-रे प्लेअरच्या मागं खुपसली आणि यशराजला बजावलं, या मधल्या वायरीला हात लावायचा नाही. गाणी, वारा, गाड्यांचे आवाज बाजूच्या वायरींतून जातात. माणसांचं बोलणं तेवढं हिच्यातून, पडद्यामागच्या मधल्या स्पीकरला. पिराजी शाहूपुरीतल्या एका थेटरचा ऑपरेटर. घरात वापरायचा प्लेअर थेटरच्या साउंडला जोडायचा म्हणून सकाळपासून वैतागला होता.

यशराजचं लक्ष होतं कुठं? तो केबिनच्या काचेतून खाली बघत होता. दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिलाच सिनेमा, अजून कुठं लागलेला नाही, आज फक्त आपल्या माणसांना दाखवायचा. गारगोटीहून टेम्पो भरभरून माणसं आली होती. त्यांच्या मधोमध नवं इरकल नेसून चिमणाबाई बसली होती. सिनेमातली आई तीच. जन्मभर जत्रेतल्या नाटकांत कामं केलेली बाई. स्वतःला पडद्यावर पहिल्यांदाच बघणार होती.

आणि पडद्यावर तोंड तिचं असलं तरी आवाज दुसरीचा आहे, हे तिला माहीत नव्हतं.

मुंबईच्या निर्मात्याला तिचा घोगरा आवाज पटला नव्हता. यशराजनं मुकाट मान डोलावली. चिमणाबाई फोन करकरून विचारायची, डबिंगला कधी येऊ? शेवटी त्यानं ठोकून दिलं, की मावशी, तुमचं शूटिंगलाच झकास झालंय, परत यायची गरज न्हाई. तिला इतका आनंद झाला की तिनं गल्लीत पेढे वाटले. ते कळल्यावर तर खरं सांगायची त्याची हिंमतच गेली.

सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं पडद्यावर दार उघडलं आणि उंबऱ्यात चिमणाबाई उभी राहिली. शिट्ट्या पडल्या. खाली खऱ्या चिमणाबाईनं पदर सावरला. सीन असा, की मुलगा घर सोडून निघालाय, गप्प उभा आहे, आणि आई एकटीच बोलणार आहे. सगळ्या गावासमोर तिला आता कळणार. पडद्यावरच्या आईनं तोंड उघडलं आणि त्यानं मधली वायर उपटली.

खर्र झालं. वारा वाजत राहिला, लांबून एसटीचा हॉर्न आला, चिमणाबाईचे ओठ हलत राहिले. शब्द मात्र नाही. पिराजी शिव्या घालत धावला. यशराजनं वायर मुठीत घट्ट धरून पाठीमागं लपवली आणि सीन संपू दे, एवढंच म्हणत राहिला. खाली ‘आवाज, आवाज’ म्हणून गिल्ला सुरू झाला.

मग गिल्ला एकाएकी थांबला. अंधारात कुणीतरी बोलत होतं. आवाज घोगरा, दणदणीत, पडद्यावरच्या ओठांवर बरोबर बसणारा. चिमणाबाई खुर्चीतनं उठून उभी राहिली होती आणि आपले सगळे संवाद म्हणत होती.

“जा, पर मागं वळून बघू नगंस. बघितलंस तर मी जाऊ देनार न्हाई.”

सीन संपला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पिराजीसुद्धा शिव्या विसरला. यशराजनं वायर परत बसवली. इंटर्वलपर्यंत चिमणाबाईचा दुसरा सीन नव्हता. निभावलं बुवा, असं त्याला वाटलं.

इंटर्वलला ती धापा टाकत केबिनचा जिना चढून आली. तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता. मशीन बंद पडलं तरी आपण सीन पडू दिला नाही, हे तिनं पिराजीला पुन्हा पुन्हा सांगितलं. बोलण्याची वायर निघाली होती, एवढंच पिराजी म्हणाला. मग ती यशराजकडं वळली.

“आता ती वायर घट्ट बसव, लेकरा. फुडं माझा मरनाचा सीन हाय, त्यातबी मी एकटीच बोलती. मला निवांत बसून माझा आवाज ऐकायचाय.”

वायर पुन्हा निघाली, असं सांगता आलं असतं. तिनं विश्वास ठेवलाही असता. पण यशराजला लाज वाटली, तिच्याकडं बघवेना इतकी.

“मावशी, त्यात तुमचा आवाज न्हाई. दुसऱ्या बाईचा घातलाय. मीच हो म्हटलं.”

चिमणाबाई पिराजीच्या स्टुलावर टेकली. मग ती दुसरी बाई चांगलं बोलते का, एवढंच तिनं विचारलं. यशराजनं हो म्हटलं. आता ही रडेल, शिव्या देईल, माणसं घेऊन निघून जाईल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात घंटा झाली. ती उठली, पदर खोचला आणि जिन्याकडं निघाली.

“माझ्या सीनला ती वायर काढून ठीव,” पाठमोरीच ती म्हणाली. “मी हाय की खाली.”