मिस व्हर्नांचा पगार

आमच्या टेक्सासमधल्या गावात शाळेपुढचा रस्ता मुलांना ओलांडून देणाऱ्या मिस व्हर्नांचा पगार कोर्टातून येतो. शाळेजवळ गाडी जोरात हाकली की दंडावर पंचवीस डॉलर जास्त लागतात, ते मुलांच्या सुरक्षेसाठी; त्यातूनच हा पगार. यंदा एकालाही दंड झाला नाही. म्हणून येत्या सोमवारपासून मिस व्हर्ना नाहीत.

“तुम्ही शहाण्यासारख्या गाड्या चालवल्यात आणि माझी नोकरी खाल्लीत, जोलीन,” त्या हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही. त्या रस्त्यावरून खडीचे ट्रक जातात आणि माझी डेलिया सहा वर्षांची आहे.

आज सकाळी डेलियाला मिस व्हर्नांजवळ सोडलं आणि पुढच्या गल्लीतून वळून परत आले. झुडपामागे पोलिसाची गाडी उभी होती. रस्ता रिकामा. एकदाच दंड होऊ दे, म्हटलं, आणि ॲक्सिलरेटर दाबला.

मर्यादा ताशी वीस मैलांची.

तीस.

चाळीस.

आरशात पाद्रीबाबांची गाडी दिसली, सुसाट. समोरून दातांचे डॉक्टर, तेही सुसाट. त्यांच्यामागे डेलियाच्या वर्गातल्या मुलांच्या आया. सगळ्यांना माझ्यासारखंच सुचलं होतं.



शाळेची घंटा वाजली, आणि लाल फलक उंचावून, डेलियाचा हात धरून, मिस व्हर्ना रस्त्यात उतरल्या.