कुठल्या सड्यावर?

कोकणातल्या कातळसड्यावर सापडलेल्या नव्या जातीच्या पालीचा फोटो शाल्मलीने फेसबुकवर टाकला, पण जागेचं नाव मुद्दाम गाळलं. तासाभरात 'रानवेडा' नावाच्या कुणा अनोळख्याचा मेसेज आला, "ताई, कुठल्या सड्यावर?" हा पाली चोरून विकणारा असणार, असा तिला दाट संशय आला.

तिने आपल्या पीएच.डी.च्या गाइडना फोन केला. रानातलं काम सरांनीच तिला शिकवलं होतं. दगड हळूच उचलायचा, पुन्हा तसाच ठेवायचा आणि तपासल्याची खूण म्हणून त्यावर एक खडा ठेवायचा. ही खूण त्या दोघांचीच.

"पाल तुझी आहे. पेपर छापून येईपर्यंत जागा कुणालाही सांगू नकोस," सर म्हणाले. "अगदी मलासुद्धा."

चोर पकडायचाच म्हणून तिने रानवेड्याला भलत्याच सड्याचं नाव कळवलं आणि रविवारी स्वतः तिथे जाऊन धडकली.

सड्यावर चिटपाखरू नव्हतं. एकही दगड उलथलेला नव्हता. उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर, असं पुटपुटत ती मागे वळली, तेव्हा तिचं लक्ष दगडांच्या माथ्याकडे गेलं.

प्रत्येक दगडावर एकेक खडा ठेवलेला होता.