पान उघडेना

किल्ली सकाळपासून टीव्हीशेजारी पडून होती. न्यायला कुणी आलं नव्हतं, की कुणाचा फोन नव्हता.

“प्रफुल्ल, माझा फोन बिघडलाय का रे?” कौसल्याबाईंनी पुन्हा विचारलं.

“नाही गं आई. येतील. मुंबईत उतरलं की माणूस भांबावतो जरा.”

हिंगोलीहून भिवा नावाचा एक बाप लेकीला घेऊन यायचा होता. उद्या परळच्या हॉस्पिटलात पोरीचं पहिलं केमो. राहायला जागा नाही. हॉस्पिटलच्या पद्मजाताईंनी नेहमीसारखा त्याला चाळीच्या वेबसाइटचा पत्ता दिला, कौसल्याबाईंना कळवलं आणि त्या सुट्टीवर गेल्या. आता त्यांचा फोन लागत नव्हता आणि भिवाचा नंबर दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

चाळीतली ही जुनी रीत. कुणी गावाला गेलं की किल्ली शेजारी ठेवून जायचं. तेवढे दिवस पेशंटच्या माणसांना पाठ टेकायला जागा होते. किल्ली आज या घरी, उद्या त्या घरी. म्हणून कुणाला फोन करायचा ते वेबसाइटवर लिहिलेलं असायचं. वेबसाइट अर्थात प्रफुल्लची. चाळीतला वेब डेव्हलपर तोच.

आणि वेबसाइट बांधायचं काही नवीन तंत्र निघालं की या माणसाचे हात शिवशिवतात. ऑफिसात कुणी प्रयोग करू देत नाही, मग सापडते ती चाळीची वेबसाइट. फ्लॅशचा जमाना होता तेव्हा पान उघडलं की कबुतरं उडायची. फ्लॅश बंद पडलं, कबुतरं गेली. मग जेक्वेरी, मग अँग्युलर, मग रिअॅक्ट. दरवेळी साहेब सगळं पाडून नव्याने बांधणार. चाळीचं रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, वेबसाइटचं चारदा होऊन गेलं होतं.

काल पाचवं झालं. आता पान चक्क बोलायला लागलं होतं. “नमस्कार, मी तुमची काय मदत करू?” असं गोड आवाजात म्हणायचं, नाव-गाव-आजार विचारायचं आणि मग किल्लीवाल्या घराशी गाठ घालून द्यायचं. पानावरचे फोन नंबर प्रफुल्लने काढूनच टाकले होते. हल्ली फोन कोण करतं?

“ते तुझं बोलकं पान मला तरी ऐकव,” कौसल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला फोन पुढे केला.

“अगं, यावर कसलं चालतंय? हा फोन म्युझियममध्ये ठेवायचा.” प्रफुल्ल हसला आणि हसता हसता त्याची ट्यूब पेटली. भिवाचा फोन कसा असेल, हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

त्याने आईचा फोन घेतला, पत्ता टाकला. पान उघडेना. पुन्हा टाकला. उघडेना. दुपार कलायला लागली होती. आजारी पोर घेऊन तो माणूस कुठे फिरत असेल?

“आई, मी घोळ घातलाय.”

“मग निस्तर की! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?”

आधीचं पान परत लावावं, तर तेही या फोनवर रडतखडत उघडायचं. त्याने कोरी फाइल उघडली. चित्र नाही, रंग नाही, हलणारं काही नाही. दादरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेलं तेवढंच. ‘आज किल्ली कौसल्याबाईंकडे आहे. फोन करा.’ खाली ठळक नंबर. पान चढवलं आणि आईच्या फोनवर पत्ता टाकला. बोट उचलायच्या आत पान समोर. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एवढं चपळ काही झालं नव्हतं.

पण आता काय उपयोग? एकदा उघडलं नाही की माणूस नाद सोडतो. भिवा पुन्हा कशाला बघेल? प्रफुल्लने चपला अडकवल्या. परळ पालथं घालायचं, दुसरं काय.

तेवढ्यात आईचा फोन वाजला.

“जयभीम, बोला. हो हो, कौसल्याच. भिवा ना तुम्ही? अहो, आहात कुठे?”

प्रफुल्लचा जीव भांड्यात पडला. चपलांसकट तो तिथेच उंबरठ्यावर बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्हींची त्याला लाज वाटत नव्हती.

“हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर आहेत,” आईने सांगितलं. “मी भात टाकते. तू घेऊन ये त्यांना.” ती पुढे काय म्हणाली ते ऐकायला तो थांबलाच नाही.

भिवा पिशवीला टेकून बसला होता. शेजारी उन्हासाठी डोक्याला रुमाल बांधलेली पोर, हातात फोन. दोघंही पार दमलेली दिसत होती, पण सुखरूप होती. प्रफुल्लला तेवढं पुरे होतं.

“माफ करा दादा, चूक माझी आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “आमची वेबसाइट बंद पडली होती.”

“बंद कुठं?” भिवा उलट त्याचीच समजूत घालायला लागला. “चांगली चकरी फिरत होती की सकाळपासून. म्हणलं, आपल्या आधीच्या लोकायचं चालू असंल.”

“मीच शेवटी फोन बंद करून चालू केला,” पोर म्हणाली. “तवा पान आलं. बाबा करूच देत नव्हते.”

“कसं करू देणार?” भिवा पिशवी उचलत म्हणाला. “रांगेतली जागा गेली असती ना आपली.”