विरजण

आठवडाभर बहिणीकडे राहून मुक्ताताई गवंडे परतल्या, तर त्यांच्या भाड्याच्या घराचं दार गोड आवाजात म्हणालं, "गवंडेबाई हे घर सोडून गेल्या आहेत."

त्यांचा चेहरा, आवाज आणि अंगठा चोरून कुणीतरी घर सोडल्याचा अर्ज केला होता. वीज-पाणी बंद झालं होतं. सोमवारी नवा भाडेकरू येणार होता.

"ओळख पटवायची तर सगळं त्या चोराकडेही आहे," भाडेकक्षाचे निरीक्षक डांगे म्हणाले. "तुम्ही इथेच राहत होतात, याचा जिवंत पुरावा हवा."

समोरच्या रझियाभाभी ऐकत होत्या. त्या दह्याचं भांडं घेऊन आल्या. "अकरा वर्षं विरजण यांच्याकडूनच नेते मी. हे चालेल?"

डांग्यांनी दह्याचा थेंब यंत्रात घातला आणि मुक्ताताईंचा तळहात त्यावर टेकवला. माणसाच्या हातावरचे जिवाणू त्याच्या विरजणात उतरतात, आणि ते चोरायची विद्या अजून कुणाला साधली नव्हती. यंत्र हिरवं झालं. कुलूप उघडलं.

"यापुढे विरजण हीच तुमची ओळख," डांग्यांनी जाताना बजावलं. "कुणाला थेंबभरही देऊ नका."

मुक्ताताईंनी फ्रीज उघडला. वीज नसल्यामुळे आतलं दही पार नासलं होतं. त्या रिकामी वाटी घेऊन समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब काय म्हणाले ते ऐकलंय मी," रझियाभाभी म्हणाल्या, आणि त्यांनी वाटी काठोकाठ भरली.