आडवा काप

शेवटच्या इंचाला प्लास्टिकचा कोपरा पुन्हा उडाला. सुरभीने कापायच्या मशीनचा राउटर बंद केला आणि पेणच्या मशीनवाल्या अंबरीशशेठना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. त्यांनी वापरून बघायला दिलेलं लोखंडी सरकतं टेबल रुळांवरून लोण्यासारखं जायचं, पण आडवा काप संपता संपता कड फुटायचीच. असलं काम कंपनी परत पाठवणार, आणि मग या शेडला कुलूप.

कंपनीची ही तिची पहिलीच ऑर्डर. धाटावला नवरा आदेश ज्या कारखान्यात पाळीला जायचा, त्याच्याच गेटवरच्या नव्या फलकाचे आकडे. वर 'अपघाताविना दिवस', खाली रोज बदलायच्या आकड्यांच्या पाट्या. अपघात झाला की सगळं पुन्हा शून्यावर.

दुसरं टेबल आदेशने केलेलं, फणसाच्या फळीचं, ओबडधोबड. सुरभी त्याला पोळपाट म्हणायची.

"हस गो, हस," सकाळी निघताना तो म्हणाला होता. "तुझं लोखंडी देखणं हाय, पण पाठीला आधार नाय. माझ्याला मागं लाकडाची पट्टी हाय. फुटायचंच झालं तर ती फुटंल."

पिकतं तिथे विकत नाही, तशी गत. पण अडला हरी, म्हणून तिने पोळपाट चढवला. तो खोबणीत अडखळायला लागला तेव्हा मेणबत्ती घासली. पाटी मागच्या लाकडाला टेकवून धरली आणि हळूच ढकलली. लाकडाला खाच पडली. प्लास्टिकचा कोपरा जसाच्या तसा! तिने त्यावरून अंगठा फिरवला. कुठे खरबरीत म्हणून लागेना.

लोखंडी टेबल परत पाठवायचं, ठरलं. संध्याकाळी नवऱ्यापुढे हार मानायची. आठवडाभर चिडवेल मेला, चिडवू दे. तिला इतका आनंद झाला होता की तिने त्याच झपाट्यात सगळ्या पाट्या कापून टाकल्या.

फोन वाजला. कंपनीच्या स्टोअरमधला निकेश, आदेशचा दोस्त. ही ऑर्डर त्यानेच मिळवून दिलेली.

"वहिनी, गाडी पाठवलीय. साहेबांनी बोलावलंय."

"आत्ता? कशाला?"

निकेश चाचपडला. तिला घाबरवायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तोंडाला येईल ते कारण त्याने सांगितलं. "फलकाचं काम हाय. ती... ती शून्यं तेवढी घेऊन या."

"नुसती शून्यं?"

"व्हय."

आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. पलीकडे भोंगा वाजत होता, माणसं ओरडत होती. सुरभीने टेबलाची कड धरली.

"निकेश, यांना फोन दे."

निकेश रडायला लागला.

"शून्यं राहू द्या, वहिनी. घरातल्या कुणाला तरी संगती घेऊन या."