जोड हरवलेलं कानातलं

या, असं जवळ सरकून बसा. टाळ खाली ठेवा क्षणभर. अभंग सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर हिंजवडीजवळच्या माण गावच्या एका बाईची गोष्ट सांगते. लहानशीच आहे, पण मला ती विसरता येत नाही.

"आणि ह्याचं दुसरं कुठं गेलं, आजी?" स्वरदानं विचारलं.

"बकरीनं खाल्लं," गोजराबाई म्हणाल्या, आणि कानातलं हिरव्या खड्याचं एकच फूल त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं.

स्वरदा परभणीकडची. लग्न होऊन चार महिने झाले होते. नवरा, शैलेश, आयटी पार्कात रात्रपाळीला. दिवसा तो झोपायचा आणि दोन खोल्यांत ही आवाज बंद करून मोबाईलवर दागिने घडवायचे व्हिडिओ बघायची. बघता बघता तिनं एक बारीक पक्कड घेतली, मूठभर कड्या घेतल्या, दोरा घेतला. मणी घ्यायला शहरात गेली, तर होलसेलवाले पाव किलोच्या खाली बोलेनात. शिकाऊ हाताला पाव किलो मणी काय करायचे? परतीच्या बसमध्ये तिला सुचलं. प्रत्येक बाईच्या डब्यात जोड हरवलेलं एक तरी कानातलं असतंच. घालता येत नाही, टाकवत नाही. तसली गोळा करायची आणि एका माळेत ओवायची. फुकटचं सामान, आणि माळ अशी की तसली दुसरी होणं नाही.

ती दारोदार गेली. दारं साखळीपुरती उघडली. "भंगारवाल्याला दिलं सगळं," एक म्हणाली. दुसरीनं विचारलं, "खाली बोर्ड वाचला नाही का? विकणाऱ्यांना मनाई आहे."

इमारतींच्या मागं एक जुनं कौलारू घर उरलं होतं. ओट्यावर गोजराबाई बसल्या होत्या. धनगराघरची बाई, पासष्टीची, आवाज खणखणीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भंगारवाली का तू? मग काटा कुटं हाय?"

स्वरदा हसली. त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा.

म्हातारीनं पावडरचा डबा आणला. आत सात-आठ एकेकटी कानातली होती. त्यातलं एकच दिलं. "बाकीची पुडच्या बेस्तरवारी. आज शोधायचा कट्टाळा आलाय." डबा उघडाच मांडीवर होता.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोनला स्वरदा जायची. रिकामा ओटा, म्हातारी एकटी, आणि एक कानातलं. प्रत्येकामागं हकिगत असायची. ह्याचं दुसरं ओढ्यात गेलं. ह्याचं जत्रेत, पाळण्यात. हे थोरल्या नणंदेशी भांडताना. तासभर बोलणं व्हायचं. एरवी आठवडाभर स्वरदाच्या तोंडून निघणारं वाक्य एकच, नवऱ्यासाठी, "जेवण झाकून ठेवलंय."

बकरीनं खाल्ल्याचं सांगितलं, त्याच्या पुढचा गुरुवार आला. गोजराबाईंनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होता. मूठ घाईनं स्वरदाच्या हातात रिकामी केली. "ह्याचं दुसरं चुलीत पडलं."

घरी येऊन स्वरदानं ते ताटलीत ठेवलं आणि तिचा हात थांबला. बकरीनं खाल्लेलं आणि चुलीत पडलेलं शेजारी शेजारी होती. तोच हिरवा खडा, त्याच पाच पाकळ्या, मळसूत्रही तेच. धडधाकट जोड होता.

तिला सगळं कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. बिचारी म्हातारी. दिवसभर एकटी ओट्यावर. आपण यावं म्हणून चांगले जोड फोडतेय. स्वरदाचे डोळे भरले, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. ह्या गावात कुणीतरी आपली वाट बघतंय. तिनं जोड कागदात गुंडाळला. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबली नाही, संध्याकाळीच निघाली. आजी, काही दिलं नाही तरी मी येत जाईन, एवढंच सांगायचं होतं.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ शेरडं, चुलीपाशी भाकरी थापणारी सून करिष्मा, भांडणारी दोन नातवंडं, आणि भजनाला जमलेल्या आळीतल्या चार बाया. मधोमध गोजराबाई. "तुजा सूर चाललाय हिंजवडीला," एकीला म्हणत होत्या, "मागं आन त्याला." सगळ्या हसत होत्या.

स्वरदा फाटकातूनच मागं वळली. करिष्मानं ओळखलं.

"कानातलंवाल्या ताई ना तुमी? या की. दर बेस्तरवारी दुपारी आत्या आमाला कुनाला वट्यावर फिरकू देत न्हाईत. पोरांना बी शेजारी धाडत्यात. म्हनत्यात, गर्दी दिसली तर ती बुजंल. लई एकली पडलीया पोरगी, आन सांगत न्हाई."

गोजराबाई उठून आल्या. पदर खांद्यावर उतरला होता. दोन्ही कानांत, भोकं बुजू नयेत म्हणून, केरसुणीच्या काड्या खोवलेल्या होत्या.

स्वरदाच्या हातातला कागद चुरगळला. "आजी, एकेकटी संपली होती, तर तसं मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं," गोजराबाई म्हणाल्या, "तर पुडच्या बेस्तरवारी आली असतीस?"

सतरंजीवरच्या बाया तेवढ्यात सरकल्या होत्या, एका माणसापुरत्या.

तर माउली, उचला टाळ. फक्त एवढं करा. नवखं कुणी तुमच्या दारी काही क्षुल्लक मागायला आलं, तर साखळी काढण्याआधी गोजराबाईंना आठवा. देवाचं नाव नंतर घेतलंत तरी चालेल, तो रागवायचा नाही.