धुराड्याखालची खुर्ची

क्लिफर्ड आणि त्याची बायको एनिड यांना माळ्यावर मुलीसाठी खोली काढायची होती, म्हणून इंजिनिअर गिलियन घर बघायला आली होती. माळा राहिला बाजूला. ती बैठकीच्या खोलीतच थांबली आणि छताकडे बघत राहिली.

"इथली भिंतीतली शेकोटी कुणी पाडली?"

"मी!" क्लिफर्ड खुलला. हॅलिफॅक्समधल्या त्या घरांच्या रांगेत ही हकिकत न ऐकलेला माणूस नव्हता. "ईस्टरची सुट्टी, एक घण आणि दोन दिवस. एनिडची खुर्ची कुठं मावत नव्हती ना. तुझ्यासारख्यांना कोण विचारतंय तेव्हा, पोरी!"

एनिड शेकोटीच्या जागी मांडलेल्या त्याच खुर्चीत बसून मोजा विणत होती. एकतीस वर्षं ती तिथंच बसत आली होती.

गिलियन वर गेली. झोपायच्या खोलीतली एक फळी उचलून तिनं आत बॅटरी मारली. खाली आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"खालची शेकोटी काढलीत, पण वरचं धुराडं तसंच आहे. थेट छपरापर्यंत. दीड-दोन टन वीट."

"एकतीस वर्षं टिकलंय की."

"टिकलंय. कशावर, ते मला सापडत नाहीये. एनिड, तुम्ही आधी तिथून उठा."

एनिडनं हातातला टाका पुरा केला आणि ती उठली. क्लिफर्ड हसला. दुसरं कुणी हसेना, तसा तोही थांबला. हौसेला मोल नसतं म्हणतात; वजन मात्र असतं.

तिघंही मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. गिलियननं फोन केला. तासाभरानं दोन गवंडी आले आणि छताखाली चार लोखंडी टेकू लावून गेले.

"हे तात्पुरतं आहे," गिलियन म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पोलादी तुळई टाकू. माळ्याचं त्यानंतर बघू."

ती गेल्यावर एनिडनं चहा केला. क्लिफर्डनं खिडकीजवळची स्वतःची खुर्ची तिच्यापुढं सरकवली. त्या खुर्चीत आजवर त्यानं पाहुण्यालाही बसू दिलं नव्हतं. मग टेकूंमधून अंग चोरत तो तिच्या खुर्चीत जाऊन बसला. मागे रेलला नाही. कप मांडीवर धरून वर बघत राहिला.

"यापुढं इथं मी बसेन," तो म्हणाला.

एनिडनं मोजा उचलला, टाके मोजले.

"आता बसतोयस होय," ती म्हणाली, "लोखंड लागल्यावर!"